द्वारकाताई, तुमच्या जागेवर

द्वारकाताई, तुम्ही गेल्याचा निरोप अकोल्याहून आला तेव्हा मला आधी रडू नाही आलं. आधी भीती वाटली. आता मंडळात शोकसभा होईल आणि बोलायला मलाच उभं करतील, ही भीती. माणूस गेल्याच्या पहिल्या घटकेला असला विचार मनात येतो याची लाज मागाहून वाटली, आणि ती अजून उतरलेली नाही.

झालंही तसंच. शोकसभेत चिटणीसबाईंनी तुमची ओळख करून दिली. बडनेरा रस्त्यावरच्या मळ्यातली बाई, शिक्षण बेताचं, पण बालवाडी उभी केली ती यांनीच, वगैरे. मग म्हणाल्या, "पती वारल्यावर द्वारकाताईंनी स्वखुशीनं उपाध्यक्षपद सोडलं आणि उरलेल्या मुदतीसाठी ते सुमनताईंनी सांभाळलं. आता सुमनताई दोन शब्द बोलतील." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घशाला हात लावला आणि मान हलवली. घसा बसला असं सगळ्या समजल्या. कुणीतरी लवंग दिली, ती मी चघळत बसले. घसा ठणठणीत होता, ताई. घरी आल्यावर दूधवाल्याशी मी चांगली मोठ्यानं भांडले.

तो "स्वखुशीनं" शब्द चिटणीसबाईंचा नाही. त्या नव्या आहेत, त्यांना काय ठाऊक. तो माझा शब्द. त्या सालच्या वार्षिक सभेत अहवाल वाचताना मीच तो पहिल्यांदा वापरला आणि तेव्हापासून तो मंडळात चालू आहे. तुम्ही तेव्हा मागच्या सतरंजीवर बसला होता. बाहेर पडताना एवढंच म्हणालात, "सुमन, तुह्या भाषनात हवा भल्ली, पानी कमी." मी हसले. तुम्ही हसला नव्हता, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

शोकसभेत जे बोलले नाही ते आता बोलते. तुम्हाला यातलं नवीन फारसं काही नाही. पण तुमच्याशिवाय कुणाला सांगू, हेही कळत नाही.

आपल्या मंडळाची रीत तुम्ही किती चेष्टेनं सांगायच्या. अध्यक्षा म्हणजे गावात बदलून आलेल्या कुण्या मोठ्या साहेबांच्या बाई. त्यांनी हार घालून घ्यायचा, खुर्चीत बसायचं आणि चेहरे ओळखीचे होईस्तोवर त्यांची बदली व्हायची. "अध्यक्षा पाहुनी, उपाध्यक्षा घरची," असं तुम्ही म्हणायच्या. खरंच काम सगळं उपाध्यक्षेच्या अंगावर. शिवणवर्ग, बालवाडी, पापडलोणच्याची विक्री, नगरपालिकेतले खेटे. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. त्या दिवशी उपाध्यक्षेनं मंडळाचा चांदीचा करंडा घेऊन दारात उभं राहायचं, आत येणाऱ्या प्रत्येकीला पहिलं कुंकू तिच्या हातचं. गावातल्या निम्म्या बायका वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी मंडळाची पायरी चढायच्या. उपाध्यक्षा कोण हे गावाला कळायचं ते त्या दारात.

वऱ्हाड नागपूरकडून सुटून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही निवडून आलात. निवडून आलात त्या दुधाच्या पिंपांमुळं, हे आपल्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. बालवाडीसाठी आलेली दुधाची भुकटी बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर पडून होती आणि आम्ही शिकलेल्या बायका इथं अमरावतीत बसून अर्जामागून अर्ज लिहीत होतो. एका सकाळी तुम्ही वांगी नेण्याची बंडी जुंपून माझ्या दारात आलात. म्हणालात, "चाल. तुले इंग्रजी येते. बाबूले फाडफाड बोलजो."

बाबू म्हणाला, अर्ज आणा. मी इंग्रजी आठवत उभी राहिले. तुम्ही सरळ एका पिंपावर जाऊन बसलात. "बाबू, हे लेकरायचं दूध हाय. तुह्या गोदामात काहून पडून राह्यलं? तू पेतं काय?" बाबूला हसू आवरेना. सही माझ्या हातची झाली, तेवढंच काय ते माझं कर्तृत्व. परतताना आपण दोघी पिंपांवर बसलो होतो, ऊन मी म्हणत होतं आणि तुम्ही म्हणालात, "तुले आनलं ते फुकटच व सुमन." कोर्टातल्या कारकुनाची बायको मी, भर रस्त्यावर बंडीत बसून डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत हसले. इतकं मी त्याआधी हसले नव्हते. त्यानंतरही नाही.

आणि भांडायचो किती. त्या दुधात साखर घालायची की नाही यावर आपण बालवाडीत असं भांडलो होतो की पोरं गाणं म्हणायची थांबली. मी म्हणत होते, सवय वाईट लागते. तुमचं म्हणणं, "गोड नसन तं पोट्टे पेतीन काय? तूच पेऊन दाखव." मी प्यायले. दुसरा घोट गेला नाही. तुम्ही जिंकल्याचं तोंडानं म्हटलं नाहीत, साखरेचा डबा पुढं सरकवलात आणि चहा मांडायला सांगितलात. मला दोन नणंदा, एक सख्खी बहीण. पण कुणाशी इतकं मोकळेपणी भांडता येतं हे मला तुमच्यामुळं कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. तेही राहिलंच.

तुमचे यजमान, तात्या, गेले ते दिवाळीच्या तोंडावर, शेवंतीच्या वाफ्यांना पाणी देताना. छातीत कळ आली आणि संपलं. उपाध्यक्षपदाची तुमची निम्मी मुदत अजून बाकी होती.

तेरावं झाल्यावर आम्ही चौघीजणी टांग्यानं मळ्याकडं निघालो, दुखवट्याचं लुगडं आणि स्वयंपाक घेऊन. वाटेत एक म्हणाली, "संक्रांत काही लांब नाही." दुसरी म्हणाली, "दारात कोण उभं राहणार?" पद हा शब्द कुणी काढला नाही. तुम्हाला काढायचं असंही कुणी म्हटलं नाही. आपल्यात असल्या गोष्टी कुणी म्हणतच नाही, नुसत्या दाराबद्दल बोलतात. तुमच्या कपाळाकडं पाहायचं नाही असं मात्र ठरलं. त्यामुळं आत आल्यावर आम्ही चौघीही शेणानं सारवलेल्या जमिनीकडं पाहत बसलो.

तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. रडत नव्हतात. आम्हालाच गप्प पाहून तुम्ही विचारलंत, "दूध येऊन राह्यलं का बरोबर?" मी म्हटलं, येतंय. पुन्हा सगळं शांत. मला शांतता सोसत नाही, तुम्हाला माहीत आहे. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "ताई, मंडळाचा करंडा तुमच्याकडंच आहे ना? संक्रांतीच्या आधी उजळून घ्यायला हवा."

नवरा जाऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता आणि मी तुमच्याकडं कुंकवाचा करंडा मागितला.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग उठून आत गेलात आणि फडक्यात बांधलेला करंडा आणून माझ्या ओटीत ठेवलात. म्हणालात, "आत थोडं कुंकू हाय. काढून घेजो." बास. जेवायचा आग्रहही केलात आम्हाला. परतताना टांग्यात बाकीच्या तिघी माझी पाठ थोपटत होत्या. बरं झालं विषय निघाला, कसं बोलावं ते सुमनलाच जमतं. ताई, त्या शाबासकीनं मला बरं वाटलं होतं. आता हे लिहिताना कान तापले आहेत, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

मी सहज बोलून गेले, माझ्या मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. करंडा मागितला की पद आपोआप मागितलं जातं, हे मला जीभ उचलायच्या आधी ठाऊक होतं. मला फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून व्हायला हवं होतं आणि ते माझ्याच तोंडून झालं.

पुढची सभा अध्यक्षाबाईंच्या बंगल्याच्या व्हरांड्यात होती. विषय एकच, उपाध्यक्षा पदाची रिकामी जागा भरणे. रिकामी कशी झाली हे कुणी विचारलं नाही. तुम्ही येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही आलात. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. नेहमीच्या खुर्चीवर न बसता दाराजवळ सतरंजीवर बसलात. अध्यक्षाबाई गडबडल्या, त्यांनी चहा मागवला.

चहा यायच्या आधीच तुम्ही बोललात. "एक इचारतो बाई सगळ्यायले. मी मंडळाची उपाध्यक्ष होती का करंड्याची?"

कुणी वर पाहीना. तुम्ही माझ्याकडं वळलात. "सुमन, तू सांग. तू शिकेल हाय."

मी म्हटलं, "ताई, आम्हाला काही नाही हो. पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे कोन? इथी तं आपनच बसून आहो."

तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत, खरोखर वाट पाहिलीत, आणि मग म्हणालात, "बरं. मंग सुमनचं नाव मीच सुचवतो. दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकन्यापरीस बरं." अध्यक्षाबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. हात वर करायला सांगितले. सगळे हात वर झाले. माझाही झाला, माझ्याच नावाला. सवयीनं झाला असं म्हणता येईल, पण लोकांनी पाहिलं आणि दोघी पदराआड हसल्या.

अशी मी उपाध्यक्षा झाले. आणि काम तुम्हीच करत राहिलात. नगरपालिकेत कुणाला गाठायचं, शिवणवर्गाला लागणारा मांजरपाट कुठल्या दुकानात स्वस्त मिळतो, बालवाडीच्या बाईला कधी रागवायचं आणि कधी नाही, हे सगळं तुम्ही मला शिकवलंत. दर सभेला मेथीची जुडी आणायच्या ती आणतच राहिलात. मी तुम्हाला चुकूनसुद्धा "या ना पुढं बसा" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही बसला असता, ही मला भीती होती.

संक्रांतीला तुम्ही मागच्या खोलीत तीळ भाजायला बसायच्या. मी दारात करंडा घेऊन. गर्दी, अत्तर, नव्या साड्यांची सळसळ, आणि पाठीमागून येणारा तिळाचा वास. एका वर्षी एका बाईनं मोठ्यानं विचारलं, "द्वारकाबाई दिसत नाहीत?" मी म्हटलं, "आत आहेत, कामात." माझा आवाज इतका सहज होता की मलाच आश्चर्य वाटलं. सगळं आटोपल्यावर मी तिळगुळाची वाटी घेऊन तुमच्याकडं आत यायची. तुम्ही लाडू घेऊन म्हणायच्या, "गूळ जरा पुढं गेला औंदा." मी म्हणायची, "हो ना." खरं तर गूळ बरोबर असायचा. पूर्वी मी तिथंच भांडले असते.

मग आमच्या घरी तेच झालं. हे गेले. पुढच्या खेपेला मी पुन्हा निवडून आले होते, त्या मुदतीतली निम्मीच झाली होती. मला कुणी काही विचारायच्या आत मी करंडा कपड्यात बांधून तेव्हाच्या चिटणीसबाईंकडं धाडून दिला, आणि मला त्याचा अभिमान वाटला, ताई. मागायची वेळ मी कुणावर येऊ दिली नाही. दुखवट्याला आलेल्या बायकाही म्हणाल्या, सुमनताईंनी रीत राखली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. पदराखाली तोच करंडा. माझ्यापुढं ठेवलात आणि बसलात.

"हे काहून पाठवलं?"

"ताई, आता मी कशी..."

"कशी म्हंजे? हात मोडले का तुहे? मी चार घरं फिरून आली. बऱ्याच जनी म्हनतात, राहू द्या सुमनले. दोघीतिघी नाई म्हनतीन. म्हनू दे. तू फक्त सोडतो म्हनू नको."

तुम्ही माझ्यासाठी घरोघर फिरला होता. तुमच्यासाठी मी माझ्या जागेवरून जीभसुद्धा हलवली नव्हती. तुमच्या चपलांवर धूळ होती, तुम्ही दुपारच्या उन्हात चालत आला होतात. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "माझ्याच मनाला ते पटत नाही, ताई. दारात मी उभी राहिले तर येणाऱ्या बायकांना बरं वाटणार नाही. मलाही नाही वाटणार."

"मंग माह्या वेळेसबी तुह्या मनाले हेच पटलं होतं?"

त्या वेळी मी खोटं बोलू शकले असते. बाकी सगळ्यांशी बोलले होते. पण तुमच्याशी आधीच फार झालं होतं. मी म्हटलं, "हो."

तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, "मी सोडलं, म्हनून तुले सोडनं सोपं गेलं. तू सोडशीन तं तिसरीले याहून सोपं जाईन. तिले तं मागाचंबी काम नाई पडनार." आणि उठलात. मी चहा ठेवला होता. तुम्ही तो न घेता गेलात. त्याआधी कितीही भांडण झालं तरी तुम्ही चहा टाकून गेला नव्हता. दारापर्यंत मी आले, तिथून हाक मारावीशी वाटली आणि मारली नाही.

पद मी सोडलं. माझ्या जागी विमल आली, शिवणवर्गातली आपली विमल. तुम्हीच तिला मशीनवर बसवली होती. ती निवडून आल्याचं ऐकून तुम्हाला आनंद झाला, असं मला कुणीकुणी सांगितलं. तुम्ही स्वतः मला काही सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत तुम्ही अकोल्याला मुलाकडं, रामदासकडं राहायला गेलात.

मागच्या थंडीत मी अकोल्याला आले होते, भाचीच्या लग्नाचं निमित्त करून. निमित्त केलं, कारण नुसतं तुम्हाला भेटायला येण्याचं धैर्य नव्हतं. तुम्ही ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होतात. हात कापत होते, पण दाणा एक खाली पडत नव्हता. मी शेजारी बसून सोलू लागले. आज बोलायचंच असं ठरवून आले होते. माफीचं वाक्य गाडीत बसून घोकलं होतं, चांगलं लांबलचक. मी सुरुवात केली, "ताई, त्या वेळी तुमच्यावर..."

तुम्ही हातानंच थांबवलंत. "सुमन, खरं सांगू? पद गेलं त्याचा मले राग नाई आला. आला, पन गेला. तू माह्यासंग भांडनं सोडलं ना, त्याचा राग हाय. त्या दिवसापासून तू मले नुसती हो ताई, हो ताई. मले काहून टाकलं व तू अशी? मी काय पाहुनी होती?"

मी शेंगा सोलत राहिले. म्हणजे तेव्हाही मी भांडले नाही. भांडले असते तर तुम्हाला आवडलं असतं, हे परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर सुचलं. तुम्ही निघताना मला सोललेले दाणे बांधून दिलेत. त्यांची आमटी केली आणि मला ती नीट खाता आली नाही. पुन्हा येईन म्हटलं होतं. आले नाही.

आता पुढचं ऐका. हे तुम्ही गेल्यानंतरचं आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

विमलचा नवरा एस.टी.त होता. तुम्ही गेलात त्याच्या थोडं आधी तोही गेला. तिची मुदत संपायला अजून वर्ष आहे. तुमची शोकसभा आटोपली आणि तिथंच, सतरंज्या गुंडाळता गुंडाळता, चिटणीसबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुमनताई, विमलबाईंकडं एकदा जाऊन याल का? संक्रांत आली. तुम्ही अनुभवी आहात."

अनुभवी. बरोबरच आहे.

मी गेले. विमल मशीनवर शाळेचे सदरे शिवत होती. मला पाहिलं आणि मी बसायच्या आत उठून कपाटातून फडक्यात बांधलेला करंडा काढला. "घ्या. मी धाडनारच होती, मानूस मिळाला नाई." तुम्ही म्हणाला होता तेच, ताई. मागायचंही काम पडलं नाही.

मी करंड्याला हात लावला नाही. म्हटलं, "मी हा न्यायला आले नाही. तू सोडू नकोस, हे सांगायला आले." घरून निघताना मी असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

विमल माझ्याकडं पाहत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी सोडलं होतं ना, सुमनताई?"

"हो."

"द्वारकाताईनं तं स्वखुशीनं सोडलं."

माझाच शब्द. तो तिनं मंडळात ऐकला होता, आणि मंडळात तो मी आणला होता. मग मी तिला सगळं सांगितलं. टांगा, करंडा, व्हरांड्यातली सभा, तुमचा प्रश्न, माझा वर गेलेला हात. कुणापाशी मी हे कधी बोलले नव्हते, तुमच्यापाशीसुद्धा नाही. सांगताना एकदोनदा स्वतःला जरा बरं दाखवायचा मोह झाला, तो आवरला. विमलचा पाय मशीनवरून केव्हाच थांबला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं माझं सांत्वन केलं नाही. ते बरं केलं.

"मले सोडायचं नोतं," ती म्हणाली. "पन कोनी राहा म्हनलंच नाई. म्या म्हटलं, रीतच असन." मग थोड्या वेळानं, "हे तुमी सभेत सांगसान काय?"

मी म्हटलं, सांगेन. घसा बसल्याचं सोंग पुन्हा करायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं आणि तरी रस्ताभर मी दुसरं कुठलं सोंग जमेल ते शोधत होते. इतकी मी भित्री आहे, ताई. तुम्हाला ठाऊक आहे.

सभा काल झाली. आताच्या अध्यक्षाबाई पुण्याकडच्या, फार गोड बोलतात. विषय वाचला गेला, उपाध्यक्षा पदाची रिकामी जागा भरणे. मी उभी राहिले. म्हटलं, जागा रिकामी झालेली नाही. विमल इथं बसली आहे. आणि द्वारकाताईंची जागाही रिकामी झाली नव्हती, आम्ही ती केली. स्वखुशीनं हा शब्द खोटा आहे, तो मी बनवला. करंडा मागायला गेले ती मी. त्यांच्या जागेवर बसले ती मी. मग माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा त्या उन्हातून मला सांगायला आल्या, आणि मी ऐकलं नाही. मी ऐकलं असतं तर आज हा विषय वाचायची वेळ आली नसती.

भाषण चांगलं झालं नाही. आवाज फाटला, मधे दोनदा थांबावं लागलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, आता पानी आलं.

एकदोघींनी डोळे पुसले. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "सुमनताईंच्या भावना आपण सगळ्या समजू शकतो. द्वारकाताईंबद्दल आपल्या सगळ्यांनाच आदर आहे. पण हळदीकुंकू अगदी तोंडावर आलंय, बाहेरच्या बायका येणार." डोळे पुसणाऱ्यांनी माना हलवल्या. एका तरुण बाईचं नाव सुचवलं गेलं, दुसरीनं अनुमोदन दिलं. हात वर झाले, पुष्कळ झाले. विमल दाराजवळ बसली होती, तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती माझ्याकडं पाहत होती.

मग अध्यक्षाबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं, विरोधात कुणी? एकच हात वर झाला, ताई. माझा. तुमच्या वेळच्या सभेत तेवढाही नव्हता.